गाणं चाललं तर ते आपलंच राहावं: पहिलं मराठी गाणं काढणाऱ्यांसाठी

माझं पहिलं गाणं हळदीचं होतं. शब्द माझे, चाल माझी, आवाज मावसभावाचा. ट्रॅक, म्हणजे मागचं वाद्यसंगीत, मात्र यूट्यूबवरून ‘फ्री’ म्हणून उतरवून घेतलेला. गाणं टाकलं आणि तिसऱ्या आठवड्यात आमच्या उरण-पनवेलकडच्या हळदींमध्ये ते वाजायला लागलं. त्याच आठवड्यात चॅनेलवर कॉपीराइटचा क्लेम आला. तोच ट्रॅक वापरून आणखी कुणीतरी गाणं केलं होतं आणि ते आधीच आपल्या नावावर नोंदवून ठेवलं होतं. माझं गाणं सुरू राहिलं, पण त्यावरच्या जाहिरातींचे पैसे भलत्याच खात्यात जाऊ लागले. ट्रॅक माझा आहे असं सांगणारा एकही कागद माझ्याकडे नव्हता. शेवटी ढोलकीपासून सगळं नव्याने वाजवून घेऊन गाणं पुन्हा काढलं, तोवर लग्नसराई उलटून गेली होती.

त्यानंतर मी चार गाणी काढली. गाणं चालेल की नाही हे कुणालाच आधी कळत नाही, मोठमोठ्या कंपन्यांनाही नाही. पण चाललं तर ते आपल्या नावावर आणि आपल्या खात्यावर असेल याची तजवीज आपल्या हातात असते, आणि ती गाणं चालण्याआधीच करावी लागते. लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, पाठीशी नसताना, घरच्या पैशांतून गाणं काढणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

१. गाणं कुठे वाजणार ते आधी ठरवा

हळदीत नाचायला, गणपतीच्या आगमनाला, की फोनवर रील करायला? वेग, लांबी, सुरुवातीचं म्युझिक, सगळं यावर ठरतं. हळदीचं गाणं मांडवात पाच मिनिटं चाललं तरी लोक नाचतात. फोनवर तेच गाणं तीन मिनिटांपुढे सहसा कुणी ऐकत नाही.

तारीखही इथेच ठरते. लग्नाची गाणी तुळशीच्या लग्नाआधी बाहेर यायला हवीत, कारण त्यानंतर मुहूर्त सुरू होतात आणि तोवर डीजेवाल्यांच्या पेनड्राइव्हवर गाणं पोचलेलं असावं लागतं. कोळीगीत नारळी पौर्णिमेच्या तीन-चार आठवडे आधी. गणपतीचं गाणं आषाढ संपता संपता. तयारीला किमान तीन महिने धरा. मी एकदा सहा आठवडे धरले होते आणि मिक्सिंग अर्धवट असतानाच गाणं टाकावं लागलं. ते आजही ऐकताना मला त्रास होतो.

२०२४ साली संजू राठोडच्या ‘गुलाबी साडी’ने काय केलं ते नीट बघा. गाण्यातली बाई एक साधी मागणी करते: मी छान दिसतेय, माझा फोटो काढ. गुलाबी साडी घराघरात असते आणि फोटोची हौस सगळ्यांनाच. त्यामुळे ऐकणाऱ्या प्रत्येकीला आपण यात काय करायचं हे लगेच कळलं. आपल्या गाण्यात ऐकणाऱ्याला काय करता येईल, याचं उत्तर एका वाक्यात देता येत नसेल तर शब्दांवर आणखी बसा.

२. मुखडा वाद्यांशिवाय लोकांपुढे गा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. स्टुडिओत गेलेला पैसा परत येत नाही, घरी मुखडा बदलायला काही लागत नाही.

आमच्या आगरी समाजात लग्नाची गाणी, धवले, गाणाऱ्या बायका असतात. त्यांना धवलारीण म्हणतात. माझी आत्या धवलारीण आहे. दुसऱ्या गाण्याचा मुखडा मी तिला ओट्यावर बसून ऐकवला. ती तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवला, ओळ एकदा स्वतः म्हणून पाहिली आणि म्हणाली, “बाय, हितं दम तुटतं.” मी पुन्हा म्हणून पाहिलं. खरंच, ओळीच्या मधोमध श्वास घ्यावा लागत होता. मी तीन अक्षरं काढली. तेव्हापासून प्रत्येक मुखडा तिच्याकडे नेते.

तिच्याकडून शिकलेलं आणि पुढे स्वतः पारखलेलं सांगते. मुखडा पाच-सहा सुरांच्या आत ठेवा. चारचौघी एकत्र गातात तेव्हा वरचा सूर सगळ्यांना लागत नाही, मग त्या गप्प बसतात आणि गाणं पडतं. अंतऱ्यात गायकाला हवं तेवढं वर जाऊ द्या. ओळीच्या शेवटी मोकळा स्वर असेल, ‘आ’ किंवा ‘ओ’, तर लोकांना ओरडून गाता येतं. आणि एखादा शब्द असा हवा की बाकी काही आठवलं नाही तरी तो आठवेल. ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ २०१६ साली आलं. २०१८ मध्ये ‘धडक’साठी ते हिंदीत केलं तेव्हा बाकीचे शब्द बदलले, तो एक शब्द तसाच ठेवला.

दुसरी परीक्षा घड्याळाची. स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद ऐकलं गेलं तरच तो स्ट्रीम मोजला जातो. सुरुवातीचा म्युझिक पीस ४० सेकंदांचा असेल तर मुखडा यायच्या आतच माणूस पुढे सरकतो. मी आता दहा सेकंदांत आवाज आणते. सनईचा मोठा तुकडा फारच आवडत असेल तर तो दोन अंतऱ्यांच्या मध्ये घ्या.

३. ‘पारंपरिक’ आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका

कोळीगीतांत हा घोटाळा फार होतो. लहानपणापासून ऐकलं म्हणून आपल्याला गाणं लोकगीत वाटतं. ‘मी डोलकर’ अनेकांना कोळीवाड्यातलं जुनं गाणं वाटतं. ते शान्ता शेळके यांनी लिहिलं आणि हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिली. शान्ताबाई २००२ मध्ये गेल्या. आपल्याकडे शब्दांवरचा हक्क लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. म्हणजे ते शब्द २०६२ च्या अखेरीपर्यंत कुणाच्या तरी मालकीचे आहेत. चालीचा हिशेब वेगळा, तो संगीतकाराच्या हयातीवर.

खरोखर पारंपरिक ओळ असली तरी ती कुणाकडून ऐकली ते लिहून ठेवा. एखाद्या कॅसेटमधून उचलली असेल तर त्या कॅसेटमधली वाद्यरचना आणि रेकॉर्डिंग दुसऱ्या कुणाचं असतं. धवलारिणीकडून ओळ घेतली असेल तर तिचं नाव श्रेयात द्या. कायदा तसं सांगत नसला तरी द्या.

जुन्या गाण्याचं कव्हर, म्हणजे तेच गाणं नव्याने रेकॉर्ड करण्याची वाट, कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ सी मध्ये आहे, पण मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं उलटावी लागतात, आगाऊ नोटीस द्यावी लागते आणि किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आधी भरावी लागते. पहिल्या गाण्यासाठी हा खटाटोप करू नका. स्वतःची चाल करा.

४. स्टुडिओची तारीख घेण्याआधी कागद करा

मित्रमंडळींत कागद काढायला संकोच वाटतो. मलाही वाटला होता. पण गाणं पडलं तर कुणीच भांडत नाही. भांडण होतं ते गाणं चालल्यावर, आणि तेव्हा प्रत्येकाला आपलाच वाटा मोठा आठवतो. म्हणून सगळे खुशीत असताना, चहा पिता पिता, सह्या घ्या.

आधी हे समजून घ्या की एका गाण्यात तीन वेगळ्या मालक्या असतात: शब्दांची, चालीची आणि रेकॉर्डिंगची. रेकॉर्डिंगचा मालक म्हणजे निर्माता, ज्याने पुढाकार घेऊन जबाबदारी उचलली तो. तुम्ही शब्द लिहिले म्हणून रेकॉर्डिंग तुमचं होत नाही, आणि पैसे घातले म्हणून चाल तुमची होत नाही. गायकाचे आणि वादकांचे हक्क आणखी वेगळे.

चालीचं मोल किती असतं ते ‘कोंबडी पळाली’वरून बघा. २००६ च्या ‘जत्रा’मधली अजय-अतुल यांची ही चाल २०१२ मध्ये ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ होऊन देशभर वाजली. शब्द नवे, भाषा नवी, चाल तीच. तुमच्या चालीचा असा दुसरा जन्म झाला तर कागदावर नाव कुणाचं आहे?

करारात हे आलंच पाहिजे:

- गीतकार, संगीतकार, अरेंजर (चालीभोवती वाद्यं बांधणारा), गायक, निर्माता यांची पॅन कार्डावर आहेत तशी पूर्ण नावं
- कोण काय देतंय आणि कुणाचा किती टक्के वाटा
- एकरकमी मानधन असेल तर ते नेमकं कशाबद्दल
- हक्क किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी दिले
- गाणं सिनेमात, जाहिरातीत किंवा रिमिक्ससाठी मागितलं गेलं तर होकार कोण देणार
- प्रत्येकाचं श्रेय कसं लिहायचं

काळ आणि प्रदेश लिहायला विसरू नका. काळ लिहिला नसेल तर कायद्याने तो पाच वर्षं धरला जातो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दुबईतल्या किंवा अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी गाणं ऐकलं तर त्याचं काय, हा प्रश्न मग लटकत राहतो. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही नसल्यास ते गीतकार-संगीतकाराकडे परत येतात. ही तरतूद फार कमी लोकांना माहीत असते.

गीतकार आणि संगीतकारांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला तुमचा समान वाटा तुम्ही वारस किंवा कॉपीराइट सोसायटी (रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) यांच्याशिवाय कुणालाही देऊन टाकू शकत नाही. ‘सर्व हक्क कायमचे सोडले’ असं कुणी छापून आणलं तरी या वाट्यापुरतं ते टिकत नाही.

महाराष्ट्रात अशा साध्या करारासाठी ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. प्रत्येकाला एकेक प्रत द्या आणि स्कॅन करून ईमेलवरही टाका. ईमेलला तारीख असते.

५. ट्रॅक

‘फ्री बीट’च्या, म्हणजे फुकटच्या तयार ट्रॅकच्या, पानावर खाली बारीक अक्षरांत बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की कमाई करायची नाही. पैसे देऊन घेतलेला बीटसुद्धा साधारणपणे भाड्याने मिळतो, म्हणजे तोच बीट दुसऱ्या पन्नास जणांनाही विकला जातो. असं गाणं काढता येतं, पण कंटेंट आयडीत, म्हणजे आपलं गाणं दुसऱ्यांच्या व्हिडिओंत ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत, नोंदवता येत नाही, कारण ती नोंद फक्त संपूर्ण हक्क असलेल्यांसाठी आहे. ज्याने नियम मोडून नोंद केली, त्याच्या दाव्यात तुम्ही अडकता. माझं तेच झालं.

क्लेम आलाच आणि तुमच्याकडे कागद असेल तर हातावर हात ठेवून बसू नका. पाच दिवसांच्या आत आक्षेप नोंदवला तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे वाद मिटेपर्यंत बाजूला ठेवले जातात. नंतर नोंदवला तर मधल्या दिवसांचे गेलेच. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात.

शक्य असेल तर अरेंजरकडून नवा ट्रॅक करून घ्या आणि त्यात एक तरी वाद्य माणसाने वाजवलेलं ठेवा. आमच्याकडे ढोलकी आणि बेंजो, कोल्हापूर-साताऱ्याकडे हलगी, नाशिककडे ढोल, जिथलं गाणं तिथलं वाद्य. लूपवरची ढोलकी नाचणाऱ्यांच्या लगेच लक्षात येते, पाय जड पडतात. ढोलकीवाल्याला बोलावण्याआधी मात्र गायकाची पट्टी पक्की करा. ढोलकी गाण्याच्या सुराला लावतात. रेकॉर्डिंगनंतर पट्टी (पेटीवर ज्या सुरापासून गातात तो) काळी एकवरून पांढरी तीनवर नेलीत तर ढोलकी बेसूर वाटते आणि पुन्हा वाजवून घ्यावी लागते. डमी, म्हणजे कच्चं गाणं, आधी गायकाच्याच आवाजात करून घेतलं की हा खर्च वाचतो.

६. स्टुडिओत

शिफ्टचे पैसे घड्याळावर असतात, म्हणून शब्द छापून न्या, श्वासाच्या खुणा करून. मुखडा शेवटी गाऊन घ्या, तोवर गळा मोकळा झालेला असतो. कोरसला व्यावसायिक गायक परवडत नसतील तर घरच्या बायकांना आणा. थोडा वेडावाकडा, पण खरा कोरस हळदीच्या गाण्याला शोभतो.

निघताना या फाइल्स घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका: २४ बिटची वेव्ह फाइल, आवाजाशिवायचा ट्रॅक, फक्त आवाज, आणि सगळे स्टेम्स, म्हणजे वाद्यांच्या वेगवेगळ्या फाइल्स. एमपी ३ वर भागवू नका. वर्षभराने रिमिक्स मागितला जातो, तोवर स्टुडिओतल्या हार्डडिस्कवरून तुमचं काम पुसलेलं असतं.

मिक्स तीन ठिकाणी ऐका: साधा फोन, रिक्षातला किंवा गाडीतला स्पीकर, आणि मांडवातले बॉक्स. फोनच्या बारीक स्पीकरवर खालचा बास ऐकूच येत नाही, त्यामुळे ढोलकीचा ठोका फक्त बासवर उभा असेल तर तो नाहीसा होतो. मांडवातली सिस्टीम बऱ्याचदा मोनो असते, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून वाजवते. स्टिरिओत छान पसरलेला कोरस मोनोमध्ये काही वेळा चक्क गायब होतो. माझ्या तिसऱ्या गाण्यात तसं झालं, आणि ते चुलतबहिणीच्या हळदीतच कळलं. इंजिनिअरला मोनोचं बटण दाबून पूर्ण गाणं ऐकवायला सांगा.

७. व्हिडिओ

नव्या माणसाचा सगळ्यात जास्त पैसा इथे जातो आणि माझ्या मते तो निम्मा वाया जातो. ड्रोन आणि भाड्याच्या गाडीपेक्षा एक सोपी स्टेप, जी आजी आणि नात दोघींना जमेल, जास्त उपयोगी पडते. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं आणि पुढच्याच महिन्यात रील्स आले. तेव्हापासून आपल्याकडची गाणी उभ्या, छोट्या व्हिडिओंतून पसरताहेत. शूटिंगच्या दिवशी उभा फोन धरून मुखडा वेगळा घ्या. कलाकारांची लेखी संमतीही त्याच दिवशी घ्या.

८. गाणं बाहेर कोण नेणार

दोन वाटा आहेत. लेबलला दिलं तर खर्च आणि पोच त्यांची, पण रेकॉर्डिंग बहुधा त्यांच्या मालकीचं होतं. डिस्ट्रिब्यूटरमार्फत, म्हणजे स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणं पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, स्वतः काढलं तर मालकी तुमची, धावपळही तुमची. काही डिस्ट्रिब्यूटर वर्षाची फी घेतात, काही कमाईतला हिस्सा. वर्षाची फी थांबवली तर गाणं उतरवतात का, हे आधी विचारा.

नोंदणीला लागतं ते असं: वेव्ह फाइल, ३००० बाय ३००० पिक्सेलचं कव्हरचं चित्र, शब्द, सगळ्यांची नावं, पॅन, बँक खातं आणि आयएसआरसी. हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक म्हणजे रेकॉर्डिंगचं आधार कार्ड समजा. बहुतेक डिस्ट्रिब्यूटर तो देतात, तुम्ही वहीत उतरवून ठेवा. डिस्ट्रिब्यूटर बदललात तर जुनाच क्रमांक द्यायचा, म्हणजे ऐकलेले आकडे टिकतात.

नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. माझं एक गाणं माझ्याच नावाच्या दुसऱ्या गायिकेच्या पानावर जाऊन बसलं होतं. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा. घाईत तिथे हिंदी राहून जातं.

‘इतक्या पैशांत लाख व्ह्यूज’ सांगणारे फोन येतील. त्यांना नाही म्हणा. खोटे स्ट्रीम पकडले गेले की स्पॉटिफाय डिस्ट्रिब्यूटरला दंड लावतं, तो तुमच्यावर येऊ शकतो आणि गाणंही उतरू शकतं. शिवाय ते ऐकणारे माणसंच नसतात. आपल्या गाण्यावर कुणी नाचणार नसेल तर त्या आकड्याला काय करायचं?

९. रिलीज

फाइल चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं असेल तर ते रिलीजच्या आधी, शक्यतो किमान सात दिवस आधी, कलाकाराच्या खात्यातून करावं लागतं, रिलीजनंतर करता येत नाही. रीलसाठी ऑडिओचा तुकडा कुठून सुरू व्हावा हेही डिस्ट्रिब्यूटरला सांगता येत असेल तर सांगा, नाहीतर रील सनईवरच संपतं.

मग गावातले डीजे, बेंजो पार्टीवाले, ब्रास बँडवाले यांची यादी काढा आणि प्रत्येकाला स्वतः जाऊन भेटा. बेंजोवाल्याला मुखड्याची सुरावट लिहून दिलीत तर तो मिरवणुकीत वाजवतो. माझं चौथं गाणं आधी बेंजोवर पसरलं, शब्द लोकांना नंतर कळले.

१०. पैसे कुठून येतात

हळदीत गाणं रोज वाजलं तरी तिथून काही मिळेल असं धरू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाची मिरवणूक आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सूट आहे. हॉटेलांतल्या मोठ्या कार्यक्रमांवरून कोर्टात वाद झाले आहेत, पण आपल्या दारच्या मांडवाचा प्रश्न नाही. मांडवात गाणं ऐकून घरी गेलेला माणूस फोनवर ते शोधतो, तिथे पैसा आहे. म्हणून गाण्याचं नाव तेच ठेवा जे लोक शोधतील, म्हणजे मुखड्यातले शब्द.

यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. खात्यात १० डॉलर जमले की पत्त्यावर पोस्टाने पिन येतो. पोस्टमनला घर सापडेल असा पत्ता द्या. पैसे १०० डॉलर झाल्यावर निघतात. अमेरिकेचा कर-फॉर्म भरायला विसरू नका, नाहीतर तिथल्या प्रेक्षकांकडून आलेल्या रकमेतून जास्त कापलं जातं. स्पॉटिफायवर २०२४ पासून गेल्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम नसलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही.

गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं सभासद व्हावं. ही सोसायटी १९६९ पासून आहे आणि शब्द-चालीची रॉयल्टी गोळा करून वाटते. गायकांसाठी अशीच इसम्रा ही सोसायटी आहे. सभासद झाल्यावर प्रत्येक गाणं वाट्यांसकट नोंदवावं लागतं, नुसतं सभासद होऊन काही येत नाही. कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा म्हणून चांगली: शब्द किंवा चालीला ५०० रुपये, रेकॉर्डिंगला २,००० रुपये फी, आणि अर्जानंतर आक्षेपांसाठी ३० दिवस थांबावं लागतं.

गाणं चालायला लागलं की पहिला फोन येतो तो रिमिक्सवाल्या डीजेचा. माझ्याकडे आता त्यासाठी एक पानाची परवानगी तयार असते: रिमिक्स कर, हळदीत वाजव, तुझ्या चॅनेलवर टाकलंस तर गीतकार-संगीतकाराचं नाव लिही, आणि कंटेंट आयडीत नोंदवू नको. खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. स्टेम्स मी सही झाल्यावरच पाठवते.